सल्ला केंद्राला हात हवेत
कर्जत-खालापूरच्या व्यापारी व कारागिरांना करता येण्याजोगी कामे

उधारीचे पैसे बुडाले की आपण घेणाऱ्याच्या नावाने बोटे मोडतो. घेणाऱ्याचा दोष असतोच. पण अनेक प्रकरणांत कायद्याने दिलेली वाट देणाऱ्याच्याच हातून, केवळ माहिती नसल्यामुळे, निसटून गेलेली असते. मुदत कायदा, १९६३ नुसार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी किंवा करून दिलेल्या कामाच्या मजुरीसाठी दिवाणी दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. ही मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने 'इतके देणे आहे' असे लिहून सही दिली, तर त्या तारखेपासून मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. म्हणजे वहीतील एका सहीवर येणे जिवंत राहते आणि ती नसेल तर मरते. हे आपल्यापैकी किती दुकानदारांना ठाऊक आहे?

चेकचेही तसेच. चेक न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर चेक देणाऱ्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. 'आज देतो, उद्या देतो' या आश्वासनांत हे दिवस निघून जातात आणि मग वकिलाकडे गेल्यावर तो मान हलवतो.

ही माहिती गुप्त नाही. कायद्याच्या पुस्तकात आहे, सरकारी संकेतस्थळांवर आहे. उणीव आहे ती वेळेवर, आपल्या भाषेत आणि फुकट सांगणाऱ्या माणसाची. हा माणूस म्हणजेच सल्ला केंद्राचा स्वयंसेवक. अशा केंद्रासाठी वकील किंवा पदवीधरच लागतात, हा समज चुकीचा आहे. तेथील बहुतेक कामे व्यापारी आणि कारागीर रोजच्या धंद्यात करतच असतात. ती कोणती आणि आपण ती कशी उचलावीत, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

कर्जत-खालापूरची गरज

कर्जत तालुक्यात फार्महाऊस आणि रिसॉर्ट यांची संख्या मोठी आहे. सुतार, गवंडी, रंगारी, फॅब्रिकेटर, प्लंबर यांना त्यांतून काम मिळते. मालक बहुधा मुंबई-पुण्याचा असतो, काम तोंडी ठरते आणि शेवटचा हप्ता राहून जातो. खालापूर तालुक्यात खोपोलीपासून रसायनीपर्यंत कारखाने आहेत. त्यांना जॉबवर्क करून देणारे, माल पुरवणारे, भंगार उचलणारे लहान धंदेवाले आहेत. त्यांची बिले महिनोन्महिने अडकतात.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा, २००६ नुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. न दिल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मात्र हा लाभ माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या उद्योगांसाठी आहे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. विलंबित देयकाचा लाभ त्यांना नाही. हा फरक न कळल्यामुळे एक जण हक्काची वाट सोडतो, तर दुसरा नसलेल्या वाटेवर पायपीट करतो. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे, तरी तिच्यासाठी पैसे मोजणारे कारागीर पुष्कळ आहेत.

दुसरी अडचण कचेऱ्यांची. कर्जत, खोपोली आणि माथेरान येथे नगरपरिषदा आहेत, खालापूरला नगरपंचायत आहे, उरलेली गावे ग्रामपंचायतींकडे. तहसील कार्यालये कर्जत व खालापूर येथे, प्रांत कार्यालय कर्जतला. जिल्हा ग्राहक आयोग मात्र अलिबागला. पेणमार्गे अलिबागला जाऊन परतायचे म्हणजे दुकानाचा एक दिवस गेला. तेथे गेल्यावर 'हा कागद आणला नाही' असे ऐकावे लागले तर दुसरा दिवसही गेला. योग्य कचेरी, योग्य कागद आणि योग्य तारीख या तीन गोष्टी आधीच सांगणारा कोणी असेल, तर गरीब माणसाची मजुरी वाचते.

आज उपलब्ध असलेली व्यवस्था

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा असून तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे आहेत आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. तिचे अध्यक्ष तेथील ज्येष्ठ न्यायाधीश असतात. कर्जत आणि खालापूर या दोन्ही ठिकाणी न्यायालये आहेत. या व्यवस्थेतून मोफत वकील मिळू शकतो तो स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, सामूहिक आपत्तीचे बळी आणि राज्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा आपत्तीत माणसांबरोबर घरातील कागदपत्रेही मातीखाली जातात. ती पुन्हा मिळवून देण्यासाठी कचेऱ्यांत सोबत जाणाऱ्या माणसांची किती गरज असते, हे वेगळे सांगायला नको.

याच व्यवस्थेत २००९ साली राष्ट्रीय प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची योजना आणली. स्वयंसेवक वकील असण्याची अट नाही. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी, बचत गटाच्या महिला, सेवाभावी संस्थांचे सदस्य यांना त्यात स्थान आहे. त्यांना प्रशिक्षण आणि ओळखपत्र दिले जाते. लोक आणि विधी सेवा संस्था यांच्यातील अंतर कमी करणे, हे त्यांचे काम. जिल्हा प्राधिकरण अर्ज मागवते तेव्हा आपल्या मुला-मुलींनी, विशेषतः शिकलेल्या महिलांनी, अर्ज करावा असे आम्ही सुचवतो. प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

ग्राहक चळवळीनेही हाच मार्ग दाखवला आहे. १९७५ मध्ये सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत मुख्यतः कार्यकर्त्यांच्या बळावर उभी राहिली. बाहेरच्या देशांत पाहिले तर ब्रिटनचे उदाहरण आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच तेथे पहिल्या काही दिवसांतच सुमारे २०० नागरिक सल्ला केंद्रे उघडली. रेशन, कर्ज, बेपत्ता नातेवाईक अशा प्रश्नांवर शेजारीपाजारीच सल्ला देत. घोडे वाहून नेणाऱ्या एका गाडीचेही फिरते केंद्र करण्यात आले होते. ती केंद्रे आजही चालतात. तेथे सल्ला देणारे वेगळे, आलेल्याची विचारपूस करणारे वेगळे, कागद सांभाळणारे वेगळे आणि हिशेब पाहणारे विश्वस्त वेगळे. कामाची ही वाटणी हेच त्यांच्या टिकण्याचे मोठे कारण आहे. एकाच उत्साही माणसाच्या खांद्यावर सगळे टाकले की तो थकतो आणि केंद्राला कुलूप लागते.

कोणते काम कोणी करावे?

पहिले काम विचारपूस करण्याचे. येणारा माणूस घाबरलेला किंवा संतापलेला असतो. मूळ प्रश्न एक आणि तो सांगतो दहा. त्याला बसवून, पाणी देऊन, शांतपणे ऐकून 'नक्की काय झाले, कधी झाले, कागद कोणता आहे' एवढे काढून घेणारा माणूस पाहिजे. गिऱ्हाइकाला नेमके काय हवे हे ओळखणाऱ्या जुन्या दुकानदाराइतका या कामाला योग्य दुसरा कोणी नाही.

दुसरे काम लेखनिकाचे. अर्ज, नोटीस, माहिती अधिकाराचा अर्ज, बँकेला तक्रार हे सर्व स्वच्छ मराठीत लिहून द्यायचे. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपयांच्या शुल्कात अर्ज होतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पवित्र कुरआनच्या सूरह बकरहमधील २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा, त्यावर साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे, आणि ज्याला लिहिता येते त्याने लिहिण्यास नकार देऊ नये अशी ताकीदही आहे. व्यापारी वर्ग पहिला भाग कधीकधी पाळतो, दुसरा विसरतो. ज्याला अल्लाहने लिहिण्याची कला दिली त्याच्यावर न लिहिता येणाऱ्याचा हक्क आहे, हे ध्यानी घेतले तर लेखनिकांची वाण पडू नये.

तिसरे काम मुदतवही सांभाळण्याचे. आमच्या मते हे केंद्रातील सर्वांत मोलाचे काम आहे. एका वहीत प्रकरणाचा क्रमांक, काय घडले त्याची तारीख, कायद्याची शेवटची तारीख आणि पुढचे पाऊल एवढेच लिहायचे. चेकची नोटीस ३० दिवस, ग्राहक तक्रार दोन वर्षे, उधारी तीन वर्षे. दर आठवड्याला वही चाळून ज्यांची तारीख जवळ आली त्यांना फोन करायचा. लग्नाच्या हंगामात पन्नास ग्राहकांचे कपडे कोणत्या दिवशी द्यायचे हे लक्षात ठेवणारा शिंपी हे काम डोळे मिटून करील.

चौथे काम वाट दाखवण्याचे आणि सोबत जाण्याचे. सावकाराने विनापरवाना पैसे दिले व घराचे कागद ठेवून घेतले असतील तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. मोबाइलवरून फसवून पैसे काढले गेले असतील तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करून बँकेलाही कळवायचे. येथे दिवस नव्हे, मिनिटे मोजावी लागतात. दुकानदाराने किंवा कंपनीने फसवले तर ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे ऑनलाइन तक्रारही करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. टेम्पो, रिक्षा चालवणारे आपले बंधू वृद्ध किंवा निरक्षर माणसाला कचेरीपर्यंत नेऊन आणतील तर तीही पुरी सेवा आहे.

पाचवे काम योजनांची माहिती ठेवण्याचे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, न्हावी, गवंडी, चांभार अशा १८ व्यवसायांचा समावेश आहे. प्रशिक्षण, दररोजचा भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य यांची त्यात तरतूद आहे. योजनेतील कर्ज व्याजाचे आहे, पण ते घेणे सक्तीचे नाही. कर्ज न घेताही प्रमाणपत्र, प्रशिक्षण आणि अवजारांचा लाभ मिळतो. व्याजाच्या कारणाने संपूर्ण योजनेकडेच पाठ फिरवणाऱ्या कारागिरांना हे कोणी समजावून सांगितले पाहिजे. हे काम एखाद्या अनुभवी कारागिरानेच केलेले बरे, कारण त्याच्या शब्दावर दुसरा कारागीर विश्वास ठेवतो.

सहावे काम हिशेब आणि देखरेखीचे. केंद्राला कागद, टपाल, फोन यांचा खर्च असतो. तो वर्गणीतून यावा, त्याची पावती फाडली जावी आणि दरसाल हिशेब सर्वांपुढे मांडला जावा. याच माणसांनी वर्षाअखेर कोणत्या प्रकारच्या तक्रारी किती आल्या याचा गोषवाराही काढावा. एकाच ठेकेदाराविरुद्ध किंवा एकाच कचेरीतील विलंबाबाबत दहा माणसे आली, तर दहा अर्जांऐवजी एक निवेदन अधिक काम करते.

मर्यादा आणि पथ्ये

स्वयंसेवक हा वकील नाही. त्याने न्यायालयात दुसऱ्याच्या वतीने उभे राहू नये, 'केस जिंकून देतो' असे म्हणू नये आणि एक पैसाही घेऊ नये. चहापाण्याचे सुद्धा नाही. प्रकरण वकिलाचे असेल तर सरळ विधी सेवा समितीकडे पाठवावे. तडजोड होण्यासारखी असेल तर लोक अदालतीचा मार्ग सुचवावा. तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते आणि प्रलंबित दाव्यात भरलेले कोर्ट शुल्क परत मिळते. अपील नसते म्हणूनच सही करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना अटी नीट समजावल्या पाहिजेत.

नियम बदलत असतात. गेल्या वर्षी ऐकलेली गोष्ट आज खरी असेलच असे नाही. ठाऊक नसेल तर 'विचारून सांगतो' म्हणावे. ज्याचा सल्ला घेतला जातो त्याच्याकडे ती अमानत असते, असा प्रेषितांच्या (स.) शिकवणीचा आशय आहे. चुकीचा सल्ला ही अमानतीतील खयानत आहे, आणि ऐकलेले बाजारात सांगणे ही दुसरी खयानत. कोणाच्या घरात काय चालले आहे, कोणाचे किती देणे आहे हे केंद्राच्या दाराबाहेर जाता कामा नये. आधार कार्डाच्या प्रती, बँकेचे कागद काम झाल्यावर परत करावेत, आपल्या मोबाइलमध्ये ठेवू नयेत. महिलांच्या तक्रारी ऐकायला महिलाच असाव्यात आणि त्यांची वेळ वेगळी असावी.

सर्वांत अवघड पथ्य पुढेच आहे. कर्जत, नेरळ, खोपोली ही गावे लहान. येथे सर्वांचे सर्वांशी व्यवहार आहेत. सल्ला मागायला येणारा उद्या आपल्याच नातेवाइकाविरुद्ध येईल. कधी तो आपल्याच दुकानातील नोकर असेल आणि पगार थकल्याची तक्रार घेऊन येईल. कधी आपल्याच बिरादरीतील व्यापाऱ्याने सदोष माल दिला अशी गिऱ्हाइकाची तक्रार असेल. तेव्हा काय करायचे? ज्याचा संबंध आहे त्याने टेबलावरून उठावे आणि दुसऱ्याला बसवावे, हा झाला नियम. पण नियमापेक्षा मोठा प्रश्न वृत्तीचा आहे. आपली उधारी वसूल करून देणारे केंद्र आपल्याला हवे आहे आणि आपल्याकडून येणे असणाऱ्याला मदत करणारे नको आहे, असे असेल तर त्याला सल्ला केंद्र म्हणता येणार नाही. ती व्यापाऱ्यांची वसुली कचेरी होईल.

या संदर्भात 'हिल्फुल फुजूल' या कराराची आठवण ठेवण्यासारखी आहे. यमनहून आलेल्या एका परक्या व्यापाऱ्याने मक्केत माल विकला. घेणारा मक्केतील वजनदार माणूस होता, त्याने पैसे दिले नाहीत. परक्याची फिर्याद ऐकून मक्केतील काही घराण्यांनी एकत्र येऊन, अन्याय झालेल्याच्या बाजूने उभे राहण्याचा करार केला. तो अन्याय करणारा त्यांच्याच शहरातला होता. प्रेषित मुहम्मद (स.) त्या वेळी तरुण होते आणि त्या करारात सामील होते, प्रेषितत्व लाभल्यानंतरही असा करार आपण पुन्हा मान्य करू, असे त्यांनी सांगितल्याचे चरित्रकार नोंदवतात. त्या कराराचा विषय व्यापारातील थकलेले पैसेच होते, आणि करार करणाऱ्यांनी आपला-परका पाहिला नाही.

म्हणून आपल्या केंद्राचे दार कातकरी, ठाकूर, दलित, मराठा, आगरी, मारवाडी सर्वांना उघडे असावे. वीटभट्टीवर उचल घेऊन अडकलेल्या कातकरी कुटुंबाला मोफत विधी साहाय्याचा हक्क उत्पन्न न पाहता आहे, हे त्याला सांगणारा माणूस आपला असेल तर त्याहून चांगली समाजसेवा कोणती?

सुरुवात कशी करावी?

मोठी इमारत, फलक, उद्घाटन यांची गरज नाही. एक खोली, एक टेबल, दोन वह्या आणि एक फोन पुरे. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, अस्रच्या नमाजनंतर दोन तास. जागा शाळेची, वाचनालयाची किंवा एखाद्याच्या दुकानामागची असावी, जेथे इतर समाजाच्या माणसाला आणि महिलेला येताना संकोच वाटणार नाही. पाच-सहा माणसांनी वर लिहिलेली कामे वाटून घ्यावीत. प्रत्येकाला आठवड्यात दोन तासच द्यायचे आहेत. सुरुवातीलाच तालुका विधी सेवा समितीला पत्र देऊन एखादे मार्गदर्शन शिबिर ठेवण्याची विनंती करावी आणि कोणते प्रकरण केव्हा तिच्याकडे पाठवायचे हे समजून घ्यावे. पहिले तीन महिने केवळ दोनच विषय घ्यावेत, उदाहरणार्थ थकलेली बिले आणि कारागिरांच्या नोंदण्या. हात बसला की पुढचे.

दोन तास कोठून आणायचे, असे कोणी विचारील. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली ती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीतून. एका मुस्लिम व्यापारी घराण्याने या डोंगरात रेल्वे आणली. आज कोणी आपल्याकडे तेवढी संपत्ती मागत नाही. मागणी आहे ती थोड्या वेळाची, नीट अक्षराची आणि बंद तोंडाची. ज्या वाचकांना हे पटेल त्यांनी येत्या आठवड्यात आपल्या बाजारपेठेतील पाच माणसे एकत्र बसवावीत आणि त्याच बैठकीत एक वही घेऊन तिच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'मुदतवही' असे लिहावे. आज ज्याची तारीख जवळ आली आहे असा एक तरी माणूस आपल्या गल्लीत निश्चित असेल.